घरामागच्या पऱ्यावर वीज करायचीय? आधी मोजमाप, मग पाईप, टर्बाइन सगळ्यात शेवटी

कोकणात किंवा घाटाखाली ज्यांची वाडी आहे त्यांना हे सांगायला नको, पावसाळ्यात एकदा लाईट गेली की कधी येईल त्याचा नेम नाही, सोलर लावलेलं असलं तरी जुलैत आभाळ उघडतच नाही आणि नेमकं त्याच वेळी घरामागचा पऱ्या, म्हणजे डोंगरातून येणारा छोटा ओढा, धो धो वाहत असतो. त्या पाण्यावर वीज होते, घरापुरती नक्की होते, आणि मला मनापासून वाटतं की ज्याच्या आवारात उतार आणि वाहतं पाणी दोन्ही आहे त्याने एकदा तरी हिशोब करून बघावा. फक्त सुरुवात उलट्या टोकाने करू नका. लोक आधी ऑनलाईन टर्बाइन, म्हणजे पाण्याने फिरणारं चाक, मागवतात आणि मग त्याला पाणी कुठून आणायचं ते बघत बसतात.

मुळात वीज कशी होते ते थोडक्यात. उंचावरचं पाणी पाईपात बंद करून खाली आणलं की खालच्या टोकाला प्रेशर येतं, त्या प्रेशरची धार चाकावर मारली की चाक फिरतं, चाकाच्या शाफ्टवर चुंबक असतात ते तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून सारखे फिरत राहतात आणि वेटोळ्यात करंट तयार होतो. कोयनेला हेच चाललंय. शिवाजीसागरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने येऊन पोफळीला साधारण पावणेपाचशे मीटर खाली उतरतं आणि पेल्टन, म्हणजे कडेने वाट्या असलेल्या, चाकांवर पडतं. खोपोलीला टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तीही ह्याच जोरावर. आपल्याकडे उंची कमी आणि पाणीही कमी, पण गणित तेच.

गणित असं: सेकंदाला किती लिटर पाणी येतं गुणिले किती मीटर उंचीवरून येतं गुणिले ९.८१, उत्तर वॅटमध्ये. ही झाली पाण्यातली ताकद. पाईप, चाक, जनरेटर, वायर सगळ्यांनी आपापला वाटा खाल्ला की छोट्या सेटमध्ये साधारण निम्मी हातात येते, म्हणून अंदाजाला लिटर गुणिले मीटर गुणिले ५ धरा. पाणी किती जोरात वाहताना दिसतं ह्याचा ह्या गणिताशी काही संबंध नाही. सपाटीवरचा रुंद ओढा खूप ताकदवान वाटतो पण तीनेक मीटरपेक्षा कमी उंची असेल तर घरगुती कामाला त्याचा नाद सोडा, आणि डोंगरातून पडणारी हातभर धार कधीकधी अख्खं घर चालवते.

उंची मोजायला गवंडी लोक लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. एक जण वर, जिथून पाणी घ्यायचंय तिथे पाण्याच्या पातळीला नळीचं एक टोक धरून उभा राहतो, दुसरा उताराने खाली जाऊन काठीला लावून दुसरं टोक उभं धरतो, नळीतलं पाणी काठीवर जमिनीपासून जेवढं वर दिसेल तेवढी त्या टप्प्याची उंची, ती वहीत लिहायची, मग वरचा माणूस खालच्याच्या पायाशी येतो, असं टप्प्याटप्प्याने खाली जाऊन सगळी बेरीज. ह्यापेक्षा सोपं म्हणजे वरपासून खालपर्यंत साधा होज टाका, हवा काढून पूर्ण भरा आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज लावून बंद करा, १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर. पाणी वाहत असताना रीडिंग घेऊ नका, कमी येईल.

पाणी मोजायला गोणपाट, माती, दगड लावून पऱ्या तात्पुरता अडवा, सगळं पाणी एका पाईपातून काढा आणि २० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते मोबाईलवर बघा. ५ सेकंद लागले तर सेकंदाला ४ लिटर. हे श्रावणात मोजून उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचेच पऱ्ये श्रीमंत असतात. गणपती झाल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि मार्गशीर्षात एकदा मोजा. बऱ्याच ठिकाणी जानेवारीपर्यंत पाणी आटतं, हरकत नाही, तिथून पुढे मे पर्यंत सोलर भरपूर देतं, दोघांची जोडी उत्तम जमते.

आता आपलं उदाहरण धरू, ४ लिटर आणि २० मीटर. म्हणजे ४०० वॅट. ऐकायला कमी वाटतं ना, पण हे चोवीस तास चालू असतं, दिवसाला ९ युनिटच्या वर झाले. फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही, वायफाय, चार्जिंग आरामात निघतं. गिझर आणि विहिरीचा पंप ह्यात धरू नका.

आणि आता पाईप, खरा खेळ इथे आहे. हेच ४ लिटर पाणी १०० मीटर लांबीच्या ७५ एमएम पाईपातून आणलं तर घर्षणात दोनेक मीटर उंचीचं प्रेशर जातं, २० मधले १८ उरले, ठीक. तेच पैसे वाचवायला ५० एमएम टाकला तर बारा-तेरा मीटर पाईपातच संपतात, निम्म्याहून जास्त वीज तिथेच गेली आणि मग माणूस टर्बाइनला शिव्या घालतो. म्हणून बजेट कमी असेल तर इतर सगळीकडे काटकसर करा, पाईपात नको. एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, शक्यतो टाळा, लांब वळणं द्या, एचडीपीई (प्लास्टिकच्या लवचिक पाईपाचा) रोल मिळाला तर जॉइंटही कमी होतात.

वरच्या टोकाला पाणी थेट पऱ्यातून पाईपात घेऊ नका. छोटी टाकी किंवा ड्रम ठेवा, त्यात गाळ बसू दे, तोंडाला तिरकी जाळी लावा म्हणजे पालापाचोळा घसरून पुढे जाईल. पाईपाचं तोंड पाण्याखाली चांगलं वीतभर तरी असू दे नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. वरच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे एक उभी उघडी नळी पाण्याच्या पातळीच्या वर काढून ठेवायची, कारण वरून पाणी अचानक बंद झालं की आतलं पाणी खाली ओढत जातं आणि पातळ पाईप चपटा होतो. खालचा व्हॉल्व्ह मात्र कधीही झटक्यात बंद करायचा नाही, धावतं पाणी एकदम अडलं की असा हादरा बसतो की जॉइंट निघून येतात. आणि पऱ्या पूर्ण अडवू नका, खाली मासे आहेत, खेकडे आहेत, कुणाची तरी सुपारी आहे.

चाक कुठलं? उंची जास्त पाणी कमी असेल तर पेल्टन, मधल्या उंचीला आणि जास्त पाण्याला क्रॉसफ्लो, म्हणजे पात्यांचं पिंपासारखं चाक, ज्यातून पाणी आरपार जातं. पेल्टनच्या कडेने जोडवाट्या असतात, मधे धारदार कणा, धार बरोबर कण्यावर बसली की दोन भागात फाटते, वाटीतून उलटी फिरून बाहेर पडते आणि जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन जाते. १८ मीटरला धारेचा वेग सेकंदाला १८-१९ मीटर निघतो, वाटी त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळाली की सगळ्यात जास्त ताकद मिळते, म्हणजे १५०० आरपीएमला चाक फक्त ११ सेंटीमीटरचं लागतं. पण एवढ्या छोट्या वाट्यांना १६-१७ एमएमची एक जाड धार मानवत नाही, पाणी बाहेर सांडतं, त्यामुळे १२ एमएमची दोन नोझल (धार सोडणारी निमुळती तोंडं) लावा. दिवाळीनंतर पाणी कमी झालं की एक बंद करायचं, पाईप भरलेला राहतो आणि प्रेशर टिकतं.

जनरेटर परमनंट मॅग्नेटचा घ्या, तीन वायरींतून एसी बाहेर येतो, तो रेक्टिफायरने डीसी करून बॅटरीला द्यायचा. इथे एक गोष्ट नीट वाचा. साधा सोलर चार्ज कंट्रोलर चालत नाही. बॅटरी फुल झाली की तो कनेक्शन तोडतो, पॅनलला त्याने काही होत नाही पण टर्बाइनवरचा लोड गेला की ते जवळपास दुप्पट स्पीडने पळतं, व्होल्टेज चढतं, बेअरिंग जातं. डंप लोडवाला कंट्रोलर पाहिजे, म्हणजे जादाची वीज हीटर कॉइलला जाईल, कॉइल पाण्याच्या पिंपात सोडा, आंघोळीला कोमट पाणी मिळतं.

घर लांब असेल तर २४ व्होल्ट डीसी ओढू नका. ४०० वॅटला सोळा-सतरा अँपिअर होतात, १०० मीटरवर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतसुद्धा जाऊन येऊन साडेनऊ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरी आणि इन्व्हर्टर टर्बाइनजवळ शेडमध्ये ठेवा आणि २३० व्होल्ट घरी न्या, तीच वायर एक व्होल्टसुद्धा धड खात नाही. हे कनेक्शन मीटरवरच्या लाईनला कधीही जोडायचं नाही, चेंजओव्हर स्विच लावाच, म्हणजे घर एका वेळी एकाच लाईनवर राहतं. लाईट गेलीय म्हणून वायरमन पोलवर चढलेला असतो आणि तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून त्याच्यापर्यंत पोचते, माणूस जातो. अर्थिंग आणि ही जोडणी लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या.

पऱ्याचं पाणी आपल्या मालकीचं नसतं, त्यामुळे ग्रामपंचायतीत आधी बोला, वरची बाजू जंगलात येत असेल तर वनखात्याची परवानगी लागते, खालच्या वाडीवाल्यांनाही विचारा.

पावसात जाळी रोज साफ करायची, मोठी सर येऊन गेली की लगेच एकदा. गाळाच्या टाकीला तळाशी मोठा प्लग ठेवला तर दोन मिनिटांत धुऊन निघते. पाणी आटलं की चाक उतरवून वाट्यांच्या कण्याकडे बघा, वाळूने खाल्ला असेल तर टाकी लहान पडतेय, पुढच्या मिरगाच्या आधी ती मोठी करा.