जुन्या जिप्सीचे स्टेअरिंग डगडगते तेव्हा

वर्धा रोडवर गाडी साठच्या वेगाने सरळ चाललेली असते, सिमेंटच्या रस्त्याचा एखादा उंचसखल सांधा चाकाखाली येतो, आणि हातातले स्टेअरिंग एकाएकी डावीउजवीकडे असे झटके खाऊ लागते, की पुढचा एक्सल गाडीपासून निसटतो की काय, अशी शंका यावी. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून, अंगठे स्टेअरिंगच्या दांड्यांत न अडकवता चाक दोन्ही हातांनी धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. निदान नंतर, सपाट जागी आणि शांतपणे करायचे असते.

मारुतीची जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप, या दोन्हींचा पुढचा एक्सल सलग असून तो पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असतो. त्यामुळे एका चाकाचा हादरा टाय रॉडमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यातून, थेट दुसऱ्या चाकाला मिळतो, आणि स्टेअरिंगच्या सांध्यांत कोठेही ढिलेपणा असेल तर तो हादरा विरण्याऐवजी वाढत जातो. माझ्या जिप्सीला हा त्रास सुरू झाला तेव्हा एका मिस्त्रीने स्टेअरिंगचा डॅम्पर, म्हणजे हादरे शोषणारी नळी, बदलून दिला. दोन महिने गाडी अगदी शहाण्यासारखी वागली आणि मग पूर्वीपेक्षा जोराने डगडगू लागली. डॅम्पर दोष झाकतो, घालवत नाही. म्हणून तो यादीत सर्वांत शेवटी ठेवावा.

प्रथम त्रासाचे स्वरूप नोंदवावे. ठरावीक वेगाला बारीक थरथर सुरू होऊन वेग वाढवल्यावर ती कमी होत असेल, तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग किंवा टायर दोषी असतो. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम तपासावा. खड्ड्यानंतर सुरू होऊन गाडी जवळजवळ थांबेपर्यंत न थांबणारे डगडगणे मात्र सहसा झिजलेल्या सांध्यांकडे बोट दाखवते.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी; नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरवर घेतलेले माप फसवे असते. टायरच्या बाजूवरील चार अंकांच्या आकड्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, तेही वाचावेत, कारण नक्षी शाबूत असलेला पण म्हातारा झालेला टायर आतून फुगलेला असू शकतो. पावसाळ्यात काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत किंवा एखाद्या शेतात गाडी नेली असेल, तर रिमच्या आतील बाजूस काळी माती वाळून बसलेली आहे का, हेही पाहावे. ही माती खरवडून काढल्याने थरथर थांबल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. शंका उरली तर पुढची चाके मागे व मागची पुढे लावून फरक पडतो का ते बघावे.

यानंतर गाडी चाकांवरच उभी ठेवून, हँडब्रेक ओढून, एका सोबत्याला स्टेअरिंग थोडेसे डावीउजवीकडे हलवायला सांगावे आणि आपण खाली पडून स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवत जावे. पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंक (त्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारी सळई) आणि टाय रॉडची दोन्ही टोके यांपैकी कोठे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, हे बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळते. स्टेअरिंग बॉक्स चेसिसवर जेथे बसतो तेथील बोल्ट आणि भेगा याच वेळी पाहाव्यात.

खरा शोध पुढे आहे. मागच्या चाकांना अडण लावून पुढचे चाक उचलावे आणि एक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. चाक वरून व खालून धरून आतबाहेर हलवावे. खेळ जाणवला, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे : खेळ नाहीसा झाला तर हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) बेअरिंग सैल आहे, कायम राहिला तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या उभ्या खुंटीवर डावीउजवीकडे वळते तिचे, बेअरिंग झिजले आहे. माझ्या गाडीत दोष येथेच निघाला. नकलच्या (चाकासह वळणाऱ्या भागाच्या) मागचे सील फाटून आत पाणी गेले होते, आणि बेअरिंगच्या रोलरांनी कपात, म्हणजे बाहेरच्या कड्यात, खाचा पाडल्या होत्या. अशा बेअरिंगला शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून घट्ट करण्याचा मोह होतो, परंतु खाचा पडलेले बेअरिंग घट्ट केले तर स्टेअरिंग मध्यावर अडकू लागते. ते बदललेच पाहिजे. नवे बसवताना टाय रॉड सोडून, नकल फिरवायला किती ताण लागतो हे स्प्रिंग काट्याने मोजावे आणि गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याशी जुळवावे. ‘हाताला बरोबर लागते’ एवढ्यावर समाधान मानू नये.

पाट्यांचे बुश, शॅकल (पाट्यांचे टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) आणि यू-बोल्ट पहारीने रेटून तपासावेत. गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल बसवले असतील, तर जिप्सीमध्ये कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन चाकांची सरळ राहण्याची ओढच घटते, आणि मग कितीही सुटे भाग बदलले तरी डगडगणे पुरते जात नाही.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत वळलेला कल, सर्व सांधे घट्ट झाल्यावरच मोजावे. दोन्ही टायरांच्या मध्यावर मागील बाजूस, हबच्या उंचीला खडूने खूण करून अंतर घ्यावे, गाडी ढकलून खुणा पुढे आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे माप किंचित कमी हवे. विलीस (जीप बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी) घडणीच्या जुन्या जीपसाठी हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर असतो. मग पहाटे, रहदारी नसताना, डॅम्पर काढून ठेवून, रस्त्याच्या ज्या सांध्यावर त्रास होत असे त्याच सांध्यावरून हळूहळू वेग वाढवत गाडी न्यावी. ती तेथून निमूट गेली, की डॅम्पर परत बसवावा.