जगाचा इतिहास शिकवायचाय? वर्गात मिरीचे चार दाणे न्या

आठवीला प्रबोधन, औद्योगिक क्रांती, वसाहतवाद सगळं मोजक्या पानांत येतं, आणि आपण काय करतो तर 1453 ला तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं हे फळ्यावर लिहून मोकळे होतो. मी पण तीनचार वर्षं तेच केलं. पोरं लिहून घ्यायची, चाचणीत सन बरोबर यायचा, पण नकाशात दाखव म्हटलं की बोट थेट आफ्रिकेत. आमची शाळा देवगड तालुक्यात खाडीकाठी, अर्ध्या पोरांच्या घरी होडी नाहीतर हापूसची कलमं, त्यांना कॉन्स्टॅन्टिनोपलचं काय पडलंय!

आता पहिल्या तासाला पुस्तक उघडतच नाही. टेबलावर काळी मिरी आणि सुकी मिरची ठेवायची आणि विचारायचं, यातलं मूळ आपल्याकडचं कुठलं. जवळपास सगळा वर्ग मिरची म्हणतो. मग सांगायचं की मिरची अमेरिका खंडातली, कोलंबस 1492 ला तिकडे पोचला त्यानंतर पोर्तुगीज जहाजांतून ती इकडे आली, आणि मिरी मात्र पश्चिम घाटातली, पोफळीवर चढलेला तिचा वेल पोरांनी रोज बघितलेला असतो. मागच्या बाकावरून लगेच येतं, "सर, मगे आदी कालवणात तिखट काय घालीत?" हा प्रश्न आला की तास लागला मार्गी. उत्तर देऊ नका, दोन मिनिटं भांडू द्या त्यांना.

मिरीच घालायचे, आणि त्याच मिरीसाठी युरोपवाले वेडे झालेले. अरब व्यापारी, मग व्हेनिसचे व्यापारी, असे हात बदलत माल जायचा आणि प्रत्येक हाताला भाव चढायचा. इथे 'दलाल' हा शब्द मुद्दाम वापरा, वाशी मार्केटला आंबा पाठवणाऱ्या घरातल्या पोराला दलाल म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. दलाल टाळायला थेट समुद्रातून वाट शोधली, 1498 ला वास्को द गामा कालिकतला आला, 1510 ला पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. कॉन्स्टॅन्टिनोपल आत्ता सांगा, ते तुर्कांकडे गेल्यावर खुष्कीचा व्यापार अडचणीत आला म्हणून, पण तेच एकमेव कारण असं नको, कारण पोर्तुगीजांनी 1415 लाच उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलेलं आणि त्यानंतर किनारा धरून ते खाली सरकत होतेच.

घरी अभ्यास काय द्यायचा, तर घरात पोर्तुगीज शोधून आणा. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार. पोरं फार खूश होतात याच्यात, पण इथेच थांबलात तर तो नुसता गमतीचा तास झाला बघा. काजूचं दुसरं टोक दाखवा. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल 1500 ला तिथे उतरला, मग उसाचे मळे, त्यावर राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आणि ती गुलामगिरी कायद्यानं बंद झाली थेट 1888 ला. वर्ग गप्प होतो तेव्हा लगेच पुढचा मुद्दा घेऊ नका.

सनावळीसाठी काथ्याची दोरी घ्या, एक वीत म्हणजे दहा वर्षं, पडवीभर ताणा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावा.

सहल रत्नागिरीला जाणार असेल तर थिबा पॅलेस नुसता फोटोपुरता नको. आधी वर्गात कोडं घाला: 1858 ला इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, ब्रह्मदेशातल्या रंगूनला नेऊन ठेवलं आणि 1885 ला उरलेला ब्रह्मदेश जिंकल्यावर तिथल्या थिबा राजाला रत्नागिरीला आणलं, असं का? तुरुंग काय दिल्लीत नव्हते? एका पोरीनं सांगितलं, "आपल्या गावात ठेवला तर लोक त्याच्या बाजूनं उठतील ना." साम्राज्यवादावर मी पानभर नोट्स द्यायचो त्यात हे एक वाक्य नव्हतं. थिबा 1916 ला वारला, रत्नागिरीतच, तीसेक वर्षं परत जाता आलं नाही, हे पॅलेसच्या अंगणात उभं राहून सांगा.

फ्रेंच राज्यक्रांतीला मी मीठ घेतो. फ्रान्समध्ये मिठावर 'गाबेल' नावाचा कर होता, काही प्रांतांत तर ठरावीक मीठ सक्तीनं विकत घ्यावं लागायचं, क्रांतीनंतर 1790 ला तो रद्द झाला. आणि आपल्याकडे 1930 ला शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह. जोडी छान जमते पण सांभाळून हां, पहिल्या वर्षी एकानं पेपरात लिहिलं की फ्रान्सच्या राजानं शिरोड्याच्या मिठावर कर बसवला. चूक माझीच, दोन्ही गोष्टी एका दमात सांगितलेल्या. आता फळ्याचे दोन भाग करतो, डावीकडे फ्रान्स, उजवीकडे शिरोडा, आणि मधे रेघ मारायला त्या पठ्ठ्यालाच उठवायचो, दहावीला जाईपर्यंत.