जीआरईत तुलनेच्या प्रश्नांवर मार्क कुठे जातात? या चुका टाळा

जीआरई म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं तिच्या गणिताला फारशी घाबरत नाहीत. शाळेतलंच तर गणित! आणि मग मार्क जातात ते क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनमध्ये, म्हणजे दोन राशींची तुलना करायच्या प्रश्नांत. एक क्वांटिटी ए, एक क्वांटिटी बी. पर्याय दर वेळी तेच चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही सारख्या (सी), किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही (डी). सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली. आता गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत उरकायचे, आणि त्यातले साधारण एक तृतीयांश या प्रकारचे असतात.

क्ष म्हटलं की २, नाहीतर ३

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. समजा क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. ए म्हणजे क्ष², बी म्हणजे क्ष. मुलं २ घालतात, वर्ग ४. ३ घालतात, वर्ग ९. झालं, ए लावून पुढे. १/२ घातला असता तर वर्ग १/४ आला असता आणि बी मोठी ठरली असती. क्ष १ असेल तर दोन्ही सारख्या. उत्तर डी.

याहून बेरकी प्रश्न: क्ष ३ पेक्षा मोठा आणि ५ पेक्षा लहान आहे, ए म्हणजे क्ष, बी म्हणजे ४. झटकन सी लावावंसं वाटतं. पण क्ष पूर्णांक आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? ते आपणच मनाने घातलं. ३.५ आणि ४.५ घालून बघा, डी समोर येतो.

म्हणून संख्या घालून बघायचा एक क्रम हाताला लावून घ्या: ०, १, अपूर्णांक, ऋण संख्या, मग एखादी भलीमोठी. अटीत न बसणाऱ्या गाळा. आणि पहिल्या संख्येने जे उत्तर दिलं ते मोडायच्या इराद्यानेच दुसरी निवडा. २ नंतर ३ घालण्यात काही हशील नाही, ते दोघे एकाच बाजूने साक्ष देणार.

दोन्हीकडचा क्ष उडवणं

य १ पेक्षा मोठा आहे. ए म्हणजे क्ष × य, बी म्हणजे क्ष. दोन्हीकडचा क्ष उडवला की उरतात य आणि १, म्हणून ए. पण क्ष धन आहे याची हमी कोणी दिली? क्ष = −२, य = ३ घेतलं तर ए होते −६ आणि बी −२, म्हणजे बी मोठी. दोन्ही बाजूंत सारखंच मिळवा किंवा वजा करा, केव्हाही चालतं. गुणायचं-भागायचं मात्र ती संख्या धन असल्याची खात्री असेल तरच. वर्ग करतानाही दोन्ही बाजू ऋण नाहीत ना ते बघा: −५ हा ३ पेक्षा लहान, पण वर्ग केले की २५ आणि ९.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर: क्ष² = १६ असेल तर क्ष ४ किंवा −४. पण √१६ दिलं असेल तर फक्त ४.

डी म्हणजे 'मला येत नाही' नव्हे

दोन्हीकडे निव्वळ संख्या असतील तर डी बादच. हिशेब कितीही किचकट दिसो, उत्तर ठरलेलं असतं. डी लावायचा तर वेगवेगळे निकाल देणारी दोन उदाहरणं कच्च्या कागदावर हवीत.

बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षांची तयारी करून आलेल्यांची इथे वेगळीच फसगत होते. क्ष² − ७क्ष + १२ = ० आणि य² − ९य + २० = ० घ्या. क्ष ३ किंवा ४, य ४ किंवा ५. बँकेच्या पेपरात 'लहान किंवा समान' असा पर्याय असतो, तो लावून मोकळं व्हायचं. जीआरईत तो पर्यायच नाही. कधी लहान, कधी सारखा, म्हणून सरळ डी.

कॅल्क्युलेटर आणि आकृती

स्क्रीनवर कॅल्क्युलेटर दिलेला असतो, म्हणून तो उघडायलाच हवा असं नाही. ३७ × ४३ आणि १६००? पहिली म्हणजे (४० − ३)(४० + ३), १६०० पेक्षा ९ ने कमी. ८३ चे ४७ टक्के आणि ४७ चे ८३ टक्के? सारखेच, इथे आकडेमोड करणारा वेळ फुकट घालवतोय.

भूमितीची आकृती प्रमाणात असेलच असं नाही, त्यामुळे चौरसासारखा दिसणारा चौकोन चौरस धरू नका. संख्यारेषा आणि आलेख मात्र प्रमाणात असतात, तिथे नजरेवर विसंबायला हरकत नाही.

आणि बँकेच्या परीक्षेतली 'नक्की येत नसेल तर सोडून दे' ही सवय इथे नको. जीआरईत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. अडलात तर काहीतरी लावा, खूण करा, त्याच सेक्शनमध्ये वेळ उरला तर परत या.