नवजात बाळाच्या व्हाइट मॅटरवर प्रोजेक्ट घेताय? आधी वय नीट मोजा

व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा भाग. कोल्हापुरात बसून त्यावर काम होतं का? होतं की. शिवाजी विद्यापीठात फिजिक्स किंवा कॉम्प्युटर केलेल्यांना स्वतःचं एमआरआय मशीन लागत नाही. लंडन-ऑक्सफर्डच्या 'डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'चे स्कॅन अटी मान्य केल्या की अभ्यासाला मिळतात. एका बाळाच्या डिफ्यूजन स्कॅनमध्ये (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय) ३०० व्हॉल्यूम, म्हणजे अख्ख्या मेंदूची ३०० चित्रं, असतात, तेव्हा सुरुवातीला दोन-तीनच बाळं उतरवून घ्या.

पहिली ठेच वयाची. ३०व्या आठवड्यात जन्मून आज १० आठवड्यांचं झालेलं बाळ आणि ३९व्या आठवड्यात जन्मलेलं एक आठवड्याचं बाळ, दोघंही हिशेबाने ४० आठवड्यांचीच. गर्भातले आठवडे धरले नाहीत तर पुढचे सगळे आलेख खोटे.

दुसरी ठेच मोठ्यांच्या सेटिंगची. बाळाच्या मेंदूत पाणी जास्त, मायलिन (तंतूंवरचं चरबीचं आवरण) नाममात्र. त्यामुळे टी-२ चित्रात (एमआरआय चित्राचा एक प्रकार) व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा (चेतापेशींचा भाग) उजळ दिसतं, मोठ्यांच्या बरोबर उलट. मोठ्यांसाठीचं सॉफ्टवेअर दोन्हींची अदलाबदल करतं आणि एररही देत नाही! टेम्प्लेट (तुलनेसाठीचा नमुना मेंदू) नवजातांचाच घ्या. ट्रॅक्ट (तंतूंचे मार्ग) काढताना एफएची (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेने होते याचा ० ते १ मधला आकडा) मर्यादा नेहमीच्या ०.२ वरून ०.१ च्या आसपास आणा, नाहीतर निम्मे तंतू मध्येच तुटतात.

क्रम असा: आधी डीनॉइझ (नॉइझ काढणं), मग गिब्ज रिंगिंग (कडांजवळच्या खोट्या लहरी) काढणं, मग टॉपअप-एडी (चित्राचा वाकडेपणा आणि बाळाची हालचाल सुधारणारी सॉफ्टवेअर), शेवटी टेन्सर (ज्यातून एफए निघतो ते गणित). पहिल्या दोन पायऱ्या उलट्या केल्या की नॉइझचा हिशेबच बिघडतो. एडी तासन्‌तास चालतं. पावसाळ्यात लाईट जाते, यूपीएस हवाच. बाळ हललं असेल तर काळे पट्टे दिसतात, ते डोळ्यांनी तपासा.

'एफए वाढला म्हणजे मायलिन वाढलं' असं थीसिसमध्ये सर्रास लिहितात. चूक. कॉर्पस कॅलोझममध्ये (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पट्टा) मायलिन यायच्या आधीच एफए बऱ्यापैकी असतो, कारण तंतू एका दिशेने दाटीने बसलेले असतात. मायलिन बघायचं तर टी-१ चित्रात इंटर्नल कॅप्सूलचा (मेंदूच्या खोल भागातला तंतूंचा जाड पट्टा) मागचा भाग बघा. पूर्ण दिवसांच्या बाळात तो उजळलेला असतो. कॅलोझमचं मागचं टोक साधारण चौथ्या महिन्यात, पुढचं सहाव्यात.

पुढे दवाखान्यात प्रत्यक्ष स्कॅनला उभं राहायची वेळ आली तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधी. बाळाला पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांना दुहेरी संरक्षण देऊन झोपू द्या. पहिल्या क्रमांकाला तुमचा सर्वात महत्त्वाचा सिक्वेन्स (स्कॅनचा प्रकार) लावा. बाळ कधी जागं होईल याचा नेम नसतो.