साइट चकाचक, ऑर्डरी गायब: या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदार काकांचा मार्चच्या शेवटी फोन आला. “अहो, गेल्याच वर्षी साइट नवी केली. दिसायला झकास आहे. पण लोक ऑर्डर फोनवरच देतात. साइटवर का देत नाही विचारलं, तर म्हणतात, काका, पुढे जातच नाही.” हापूसचा हंगाम अडीच-तीन महिन्यांचा. त्यात साइट पंधरा दिवस अडली, तर तिच्यावर घातलेले पैसे त्या वर्षापुरते पाण्यात.

अशा बिघडलेल्या साइट दुरुस्त करणे हे माझे काम. काकांच्या साइटमधली एकही चूक मला नवी नव्हती. वेबचे ठरलेले प्रमाण नियम आहेत: पानाच्या रचनेसाठी एचटीएमएल, रूपासाठी सीएसएस, अक्षरांसाठी युनिकोड, दिव्यांगांनाही साइट वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी. ब्राउझर बनवणारे हे नियम धरून चालतात, म्हणून एकच पान शंभर तऱ्हेच्या फोनवर उघडते. साइट बनवणाऱ्याने ते बाजूला ठेवले की तोटा मालकाचा होतो आणि तो कुठल्याही वहीत सापडत नाही. गिऱ्हाईक गुपचूप निघून गेलेले असते.

“माझ्याकडे तर चालतंय”

हे वाक्य कानावर आले की समजावे, तपासणी एकाच लॅपटॉपवर आणि एकाच क्रोममध्ये झाली आहे. काकांच्या फॉर्ममध्ये पेटी कधी पोचवायची ते निवडायची यादी होती. अँड्रॉइडवर ती नीट दिसे, काही आयफोनवर रिकामी. कारण अगदी बारीक निघाले. कोडमध्ये तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडली होती. पान हलते-चालते ठेवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणानुसार तिथे रोमन ‘टी’ लागतो. क्रोम ही चूक पोटात घालतो, आयफोनवरची जुनी सफारी ‘अवैध तारीख’ म्हणून हात वर करते. तारीख नाही म्हणून ‘पुढे’चे बटण बंद. काकांची आयफोनवाली गिऱ्हाइके बहुतेक पुण्या-मुंबईची, चार-चार पेट्या नेणारी. ती एका अक्षरापायी अडली होती. निदान एक जुना अँड्रॉइड, एक आयफोन आणि एक फायरफॉक्स, एवढ्यांवर खरी ऑर्डर देऊन बघितल्याशिवाय साइट ताब्यात घेऊ नका.

त्याच फॉर्ममध्ये ‘ऑर्डर द्या’ हे बटण नव्हतेच. रंगवलेला चौकोन होता, त्याला क्लिक जोडलेले. बोटाने दाबला तर चालायचा. पण कीबोर्डच्या टॅबने तिथे पोचता येत नव्हते, आणि अंध गिऱ्हाइकाच्या टॉकबॅकला किंवा एनव्हीडीएला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला, ते बटण आहे हेच कळत नव्हते. एचटीएमएलचा खरा ‘बटन’ टॅग, म्हणजे खूण, वापरला की एवढे सगळे ब्राउझर फुकट देतो.

रकान्यांचेही तसेच. मोबाइल नंबरला ‘टेल’ प्रकार द्या, आकड्यांचा कीबोर्ड उघडेल. रकान्यात काय भरायचे ते फोनला सांगणारे ‘ऑटोकम्प्लीट’ नीट लिहा, नाव-पत्ता-पिनकोड फोनच भरेल. ओटीपीच्या रकान्याला ‘वन-टाइम-कोड’ लिहिले की आयफोन मेसेजमधला आकडा कीबोर्डवर आणून ठेवतो. आणि रकान्याचे नाव फक्त आतल्या फिक्या अक्षरांत ठेवू नका. लिहायला लागले की ते पुसले जाते, आणि साठीतला माणूस विचारात पडतो, इथे पिनकोड टाकायचा होता की फ्लॅट नंबर? लेबल टॅग त्यासाठीच आहे. साइटवर एकाच ठिकाणी पैसे घालायची ऐपत असेल तर ते फॉर्मवर घाला. सरकणारे फोटो आणि गळणारी पाने पुढच्या हंगामात.

मराठी मजकूर आहे, पण गूगलला सापडत नाही

‘आमच्याविषयी’ या पानावर रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. माहितीपत्रक छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर आला होता, तो तसाच चिकटवलेला. श्रीलिपीचे जुने फाँट, कृतिदेव, शिवाजी यांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, त्यांच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा असतो. फाँट ज्याच्याकडे आहे त्याला मराठी दिसते, बाकीच्यांना खिचडी. शोधयंत्राच्या दृष्टीने त्या पानावर ‘हापूस’ हा शब्दच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी हा प्रकार चालूच, याचे मला दर वेळी नवल वाटते.

कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर डोळ्यांखालून घालायलाच हवा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. उलटापालट करताना घोळ होतात. कोकणातल्या एका पर्यटनाच्या साइटवर दऱ्यांचा दर्या झालेला मी पाहिला आहे. वाचायला मात्र तेही बरे लागत होते.

कधी मजकूर युनिकोडमध्ये असूनही पानावर टोप्या घातलेली युरोपीय अक्षरे उमटतात. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते. ब्राउझरला हे सांगितले नाही तर तो प्रत्येक बाइट वेगळे अक्षर समजून छापू शकतो. ही पद्धत सांगणारी कॅरसेटची ओळ पानाच्या पहिल्या 1024 बाइटच्या आत हवी. साइटची माहिती साठवणारा डेटाबेसही बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ8’ 3 बाइटपर्यंतच साठवतो, त्यामुळे मराठी बसते आणि 4 बाइटचा इमोजी अडतो. काकांच्या गिऱ्हाइकांनी अभिप्रायात आंब्याचा इमोजी टाकला की पुढचे वाक्य गायब! ‘यूटीएफ8एमबी4’ केल्यावर ते थांबले.

पानाची भाषा ‘ईएन’ लिहिलेली होती, कारण साचा इंग्रजी. ती ‘एमआर’ केली की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

दरपत्रकाचे चित्र

आंब्याचे दर हंगामात सारखे उतरतात. काकांचे दरपत्रक म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र, त्यामुळे दर बदलला की डिझायनरला फोन, आणि तो चार दिवसांनी नवे चित्र पाठवणार. तोवर जुन्या दरावरून गिऱ्हाइकांशी वाद. शिवाय चित्रातले आकडे मोठे केले की फुटतात आणि स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. साधा टेबल टॅग वापरून सहा ओळींचा तक्ता केला. टेबल खऱ्या तक्त्यासाठीच असते, पानाची मांडणी त्यात कोंबायची नसते.

रंगांबद्दल एवढेच: केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे आंब्याला शोभतात, वाचता येत नाहीत. डब्ल्यूसीएजीच्या ‘एए’ पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात 4.5 ला 1 इतका फरक लागतो. नेहमीच्या केशरीवर पांढरा रंग 2 ला 1 च्या आसपास अडकतो. मार्केट यार्डात उन्हात उभे राहून बघा. आणि पान मोठे करू देणारी ‘युजर-स्केलेबल’ ही सोय बंद करून झूम अडवू नका. आयफोन 2016 पासून ती आज्ञा जुमानत नाही, पण अँड्रॉइडवर चष्मा विसरलेल्या माणसाची पंचाईत होते.

जड पान

2003 मध्ये ईएसपीएनने आपले मुखपृष्ठ टेबलांच्या जंजाळातून काढून सीएसएसवर आणले. तेव्हा दर पानामागे सुमारे 50 केबी वाचले. दिवसाला 4 कोटी पाने बघितली जात, म्हणजे रोजचे 2 टेराबाइट. काकांचा व्याप एवढा नाही, पण त्यांची गिऱ्हाइके स्वतःच्या डेटापॅकवर साइट बघतात. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले फोटो लहान केले आणि प्रत्येकाची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहिली. आकार आधी कळला की ब्राउझर जागा राखून ठेवतो. नाहीतर फोटो उमटताना पान उडी मारते आणि बोट ‘एक डझन’ऐवजी ‘रद्द करा’वर पडते.

एकाच कंपनीच्या तंत्रावर भिस्त

ॲडोबीच्या फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्रात केलेल्या साइट आठवतात? 12 जानेवारी 2021 पासून ॲडोबीने फ्लॅश प्लेअरमध्ये काही चालूच दिले नाही. 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर 11 निवृत्त केला. त्यांच्यावर उभ्या असलेल्यांना पायापासून नवे बांधकाम करावे लागले. कोड न लिहिता पान जुळवून देणारा पेज-बिल्डर घेतानाही हेच विचारा: उद्या तो बंद केला तर माझा मजकूर स्वच्छ एचटीएमएलमध्ये मिळेल का? काकांची साइट बनवणारा जुना माणूस फोन उचलत नव्हता, तेव्हा मला सगळ्यात जास्त वेळ त्याने स्वतः शोधलेल्या जुगाडाचा अर्थ लावण्यात गेला. तेवढ्या तासांचे पैसे काकांनीच भरले.

सगळ्यांना वापरता न येणारी साइट कोर्टापर्यंतही नेते. अमेरिकेत डॉमिनोजच्या साइटवर पिझ्झा मागवता येईना म्हणून एका अंध ग्राहकाने खटला भरला. अपील न्यायालयाने तो चालू द्यायचा निर्णय दिला, आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. आपल्याकडेही 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हे जगण्याच्या हक्कात, कलम 21 मध्ये, धरले आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधी

वेबचे प्रमाण नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका शोधणाऱ्या साधनात, पान टाका. लाल ओळी चाळीस निघाल्या तरी घाबरू नका. बंद न केलेला एक टॅग पुढच्या वीस चुका दाखवतो, म्हणून वरून सुरुवात करा. पान प्रमाण एचटीएमएलमध्ये आहे असे ब्राउझरला सांगणारी, सगळ्यात वरची डॉकटाइपची ओळ नसेल तर आधी ती घाला, निम्मी वाकडी मांडणी तिथेच सरळ होऊ शकते. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर एक ऑर्डर पूर्ण करा. साइट तपासून गुण देणाऱ्या गूगलच्या लाइटहाउसचे 100 गुण दाखवून कोणी भुलवत असेल तर हीच परीक्षा त्याच्यासमोर घ्या. काकांच्या रिकाम्या यादीबद्दल लाइटहाउस एक अक्षर बोलले नव्हते.

काका आता दर स्वतः बदलतात. परवा सकाळी बघतो तर डझनाचा दर ‘1.200’ रुपये. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले होते. फोन केला तर म्हणाले, “तरीच पहाटेपासून सात पेट्या बुक झाल्यात.”