ॲप बनवायच्या आधी आयडिया चालते का ते बघा

समजा तासगावचा बेदाणा थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोचवायचं ॲप तुमच्या डोक्यात आहे, तर डेव्हलपरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी जरा थांबा. १९९९ मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्नने झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी सुरू करताना गोडाऊन भरलं नव्हतं, जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साईटवर टाकले आणि ऑर्डर आली की तिथूनच विकत घेऊन पाठवले, लोक पायात न घालता बूट घेतात का एवढंच त्याला बघायचं होतं.

तुम्ही पण तेच करा. ओळखीच्या शेतकऱ्याकडनं दहा किलो बेदाणा उचला, हिरवा-पिवळा वेगळा ठेवून उजेडात फोटो काढा, कुरिअरसकट भाव व्हॉट्सॲपवर टाका. आणि "आवडेल का?" असं विचारूच नका, आपल्याकडं तोंडावर नाही कोण म्हणत नाही, सगळे "भारी आहे, कर की" म्हणतात. त्यापेक्षा क्यूआर पाठवा अन् आधी पैसे मागा. नाही आले तर फोन लावा, सध्या कुठनं घेता, किती घेता, शेवटचा कधी घेतला. पाहुणे-मित्र सोडून वीसेक अनोळखी गिऱ्हाईकं तरी पाहिजेत. महिन्याभरात परत कोण मागवतंय ते वहीत लिहा, माझ्या मते ॲपचा निर्णय त्या पानावरनंच घ्यायचा.