संगणकाचा वेग वाढवायला पेनड्राइव्ह लावताना माहिती कशी सांभाळावी

जुना संगणक मंदावला की पुण्याच्या तपकीर गल्लीतून पेनड्राइव्ह आणून रेडीबूस्ट चालू करा, असा सल्ला हमखास मिळतो. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. हार्ड डिस्कवरून वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली जाते आणि तिथून ती लवकर वाचता येते.

आधी डिस्क कोणती आहे ते बघा. विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात डिस्कखाली एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) किंवा एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) असे लिहिलेले दिसते. एसएसडी असेल तर इथेच थांबा, रेडीबूस्टचा काही उपयोग नाही. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून तर ही सोयच काढून टाकली आहे.

पेनड्राइव्ह कुणी उपसून नेला तर बँकेचे पासवर्ड जातील का, ही भीती रास्त आहे. पण रेडीबूस्टची फाइल १२८ बिटच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद केलेली असते. दुसऱ्या संगणकावर ती उघडून काही वाचता येत नाही. शिवाय त्यात फक्त प्रत असते, मूळ माहिती डिस्कवरच राहते. पेनड्राइव्ह मध्येच निघाला तरी काही हरवत नाही, वेग तेवढा पुन्हा कमी होतो.

धोका आहे तो त्याच पेनड्राइव्हवर तुम्ही ठेवलेल्या बाकीच्या फाइलींना. आधारची प्रत, पॅन, भाडेकरार, मुलांच्या गुणपत्रिका यांना रेडीबूस्टचे कुलूप लागत नाही. त्यात तोच पेनड्राइव्ह अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी गेला, तर त्या फाइली तिथे उघड्या पडतात आणि येताना व्हायरस सोबत येऊ शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की रेडीबूस्टचा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा, तो घराबाहेर नेऊ नका.

आता जोडणी. पेनड्राइव्हवरच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. मग त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा, फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवा (एफएटी३२ या दुसऱ्या पद्धतीमध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही) आणि क्विक फॉरमॅटची खूण काढा. नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत काढता येतात, पूर्ण फॉरमॅटनंतर ते फार अवघड होते. नंतर प्रॉपर्टीजमधल्या रेडीबूस्ट टॅबवर जाऊन पूर्ण पेनड्राइव्ह रेडीबूस्टला देण्याचा पर्याय निवडा आणि ओके करा.

विंडोजची पेजफाइल (रॅम अपुरी पडली की चालू कामाची माहिती जिथे ठेवली जाते ती फाइल) पेनड्राइव्हवर हलवा, असे कुणी सांगितले तर मात्र अजिबात ऐकू नका. ती प्रत नसते. पेनड्राइव्ह निघाला की चालू काम कोसळू शकते.

काम संपल्यावर त्याच टॅबवर जाऊन वापर बंद करा, मग सेफली रिमूव्ह करूनच काढा. पूर्वी कागदपत्रे ठेवलेला पेनड्राइव्ह विकू नका, कुणाला देऊही नका, कारण फॉरमॅटनंतरही फ्लॅश मेमरीत जुने तुकडे उरू शकतात. आतली चिप फोडा आणि तो ई-कचऱ्यात द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्था ई-कचरा घेते.